पाणबुडी आहे तर वरती तोफ कशाला? (यू-बोटचं मॉडेल आणि पोरीचे प्रश्न)

खामल्याचा_बाबा

नमस्कार मंडळी. सुट्ट्या लागल्या, सकाळी अकरापासून सहा वाजेपर्यंत घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, आपल्याकडचा मे काय असतो ते तुम्हाले सांगायची गरज नाही. पोरगी दिवसभर मोबाइल घेऊन बसू नये म्हणून एक प्लास्टिकचं मॉडेल किट मागवलं. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, टाइप सेव्हन-सी, १:१४४ स्केल, जोडून झाली की दीड फुटाची होते. माझा बेत असा होता की ती जोडत बसेल आणि मी कूलरसमोर आडवा होईन. झालं उलटंच. अर्धा तास जोडते आणि दोन तास प्रश्न विचारून राहिली.

पहिला प्रश्न: बाबा, ही पाण्याखाली जाते ना, मग वरती एवढी तोफ कशाला? आणि लाकडी फळ्यांचा डेक? आणि दोन्ही बाजूंनी ही एवढी भोकं ठेवली तर पाणी आत शिरत नाही का? मी म्हटलं हवेसाठी असतील. तिने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

दुसरं म्हणजे किटच्या कागदावर लिहिलंय पाण्यावर स्पीड १७ नॉट आणि पाण्याखाली साडेसात. मला ती छपाईची चूक वाटली, कारण पाणबुडी पाण्याखालीच जोरात पळायला पाहिजे ना. शिवाय हे लोक अटलांटिकमध्ये सहा-सहा, आठ-आठ आठवडे गस्तीवर जायचे म्हणे, तर तेवढे दिवस करायचे काय आणि एवढ्या मोठ्या समुद्रात जहाजांचे काफिले त्यांना सापडायचे कसे?

मी कॉमर्सवाला माणूस, समुद्र आपल्यापासून आठशे किलोमीटर, माझा पाण्याशी संबंध अंबाझरी आणि फुटाळ्यापुरता. कोणी नीट समजावून सांगेल का, आठवीतल्या पोरीला कळेल असं.

तर्री_पोहे

भाऊ तोफ पार्किंगसाठी असते, बर्डीवर लावून पहा, कोणी गाडी हलवायला सांगणार नाही 😄 (जाणकार येऊन राहिले, तोवर मी बसतो इथे)

डिझेल_काका

कागद बरोबर आहे, छपाईची चूक नाही. मी तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, मालवाहू जहाजं, पाणबुडीत कधी पाय टाकला नाही ते आधीच सांगून ठेवतो, पण डिझेल ते डिझेल. आता रिटायर होऊन मनीषनगरात बसलो आहे.

पोरीला हे सांगा की त्या काळची पाणबुडी म्हणजे गरज पडली तर डुबकी मारू शकणारी बोट. माशासारखी कायम खाली राहणारी नाही, बदकासारखी. घरी इन्व्हर्टर असेलच. लाइट गेली की त्यावर एक पंखा न् दोन ट्यूब चार तास आरामात चालतात. आता त्याच इन्व्हर्टरवर कूलर लावा, पाऊण तासात टूं टूं करून बसतो. यू-बोटचं, म्हणजे या जर्मन पाणबुड्यांचं, सगळं गणित एवढंच आहे. डिझेलला हवा लागते, पाण्याखाली हवा आणणार कुठून, म्हणून वर असताना दोन मोठी सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं, आणि खाली जायचं म्हटलं की डिझेल बंद, हवेचे व्हॉल्व्ह बंद, इलेक्ट्रिक मोटर चालू. मोटरला करंट देणार लेड-ॲसिड बॅटरी, १२४ सेल, पायाखालच्या प्लेटांच्या खाली मांडलेले. तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचीच थोरली बहीण समजा, डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं तसंच.

आता हिशोब करा. वर राहून दहा नॉटने गेलं तर ८,५०० सागरी मैल जाता येतं, म्हणजे अटलांटिक ओलांडून परत. खाली चार नॉटने गेलं तर फक्त ८० मैल. चार नॉट म्हणजे तासाला साडेसात किलोमीटर, सकाळी सायकलवर दूध आणायला निघालेला म्हातारा. साडेसात नॉट मिळतात, पण त्या जोराने पळाल तर तासा-दीड तासात बॅटरी झोपली. मग वर या, डिझेल लावा, तासन् तास चार्जिंग. म्हणून हे लोक दिवसचे दिवस वरच असायचे, खाली जायचं ते लपायला किंवा दिवसा हल्ला करायला. म्हणून पुढचा आकार बोटीसारखा टोकदार, लाटा कापायला. आणि म्हणून तोफ. टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून पळत जाऊन जहाजावर फुटणारे बॉम्ब, सगळे मिळून चौदा, ते महाग, एकट्या-दुकट्या जहाजावर वाया कशाला घालायचे, तिथे ८८ मिलिमीटरची तोफ स्वस्तात काम करायची. पुढे विमानांचा त्रास इतका वाढला की तोफेपाशी उभं राहायचीच सोय उरली नाही, मग बऱ्याच बोटींवरून ती काढून टाकली.

भोकं: तुम्हाला किटमध्ये दिसतं ते बाहेरचं नुसतं कवच आहे. खरी बोट त्याच्या आत, साडेचार-पावणेपाच मीटर व्यासाची पोलादी नळी. कवचात पाणी शिरावं म्हणूनच भोकं, जितक्या पटकन शिरेल तितक्या पटकन बोट खाली. विमान दिसलं तर अर्ध्या मिनिटात पाण्याखाली गेलेलं बरं. डेकच्या फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात त्याही पाणी पार व्हावं म्हणून, आणि लोखंडापेक्षा लाकडावर पाय कमी घसरतो.

राहण्याचं विचाराल तर रेल्वेचे स्लीपरचे तीन डबे एकापुढे एक लावा, तेवढी लांबी. त्यात ४५-५० माणसं, इंजिनं, टॉर्पेडो आणि दोन महिन्यांचा शिधा. एक उठला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा झोपणार. अंघोळ नाही. पहिले काही दिवस ताजा पाव, मग त्यावर पांढरी बुरशी चढायची, त्या पावांना खलाशी "ससे" म्हणायचे.

खामल्याचा_बाबा

काका इन्व्हर्टरवर कूलर हे एकदम बसलं डोक्यात! पोरगी म्हणते मग ही बोट पाण्याखालून काफिल्याच्या मागे जाऊच शकत नसेल, तो पुढे निघून जाईल. बरोबर आहे का?

बर्डीवरची_जुनी_पुस्तकं

शंभर टक्के बरोबर, पोरगी हुशार आहे. काफिला म्हणजे कॉन्व्हॉय नऊ-दहा नॉटने चालायचा, संथवाला सातने. खालून चार नॉटने कोण गाठणार? काकांनी इंजिन सांगितलं, मी एक गस्त सांगतो, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बोट यू-९९, कप्तान ओट्टो क्रेचमर. २२ फेब्रुवारी १९४१ ला फ्रान्समधल्या लोरिआं बंदरातून निघाली. आदल्या वर्षी जूनमध्ये फ्रान्स पडलं आणि ही बंदरं जर्मनांच्या हाती आली, त्याआधी उत्तरेकडून सगळ्या ब्रिटनला वळसा घालून अटलांटिकमध्ये यावं लागायचं, आता दार उघडलं की समोर समुद्र. पाणबुड्यांचा प्रमुख डोनिट्झ याचं ऑफिसही लोरिआंजवळच होतं आणि तो तिथून वायरलेसवर सगळं हलवायचा.

शोधायची पद्धत साधी पण कंटाळवाणी. आठ-दहा बोटी समुद्रात ओळीने पसरून ठेवायच्या आणि वाट पाहायची. प्रत्येक बोटीच्या ब्रिजवर, म्हणजे डेकवरच्या बुरुजाच्या माथ्यावर, चार जण, प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई क्षितिज, दुर्बीण डोळ्याला, चार तास, अंगावर बर्फाळ पाणी. गस्तीतले बहुतेक दिवस असेच जायचे, काहीच दिसायचं नाही. एखाद्याला धूर दिसला तर त्याने लगेच हल्ला करायचा नाही, दुरून पाठलाग करत वायरलेसवर कळवत राहायचं आणि बाकीच्यांना गोळा होऊ द्यायचं. लांडग्यांची टोळी म्हणतात ती हीच. गंमत म्हणजे हे सगळं वायरलेसवर अवलंबून, आणि वायरलेसच पुढे त्यांच्या मुळावर आलं, कारण समोरच्याने संदेश फोडले आणि संदेश कुठून आला तेही शोधायला शिकला. पण १९४१ च्या मार्चमध्ये ते अजून व्हायचं होतं.

तर ७ मार्चला एका कॉन्व्हॉयवर झालेल्या हल्ल्यात यू-९९ ने तेर्ये विकेन नावाच्या वीस हजार टनांच्या व्हेल-फॅक्टरी जहाजाला टॉर्पेडो घातले. त्याच धामधुमीत यू-४७ चा आवाज कायमचा बंद झाला, प्रीन नावाचा तिचा कप्तान जर्मनीत घराघरांत माहीत होता. बोट आणि माणसं कुठे गेली ते आजपर्यंत पक्कं कळलं नाही. मग १५ मार्चला यू-११० ला एचएक्स-११२ हा कॉन्व्हॉय दिसला: हॅलिफॅक्सहून लिव्हरपूलला निघालेली ४१ जहाजं, त्यात तेलवाहू भरपूर, आणि सोबतीला मॅकिन्टायर नावाच्या कमांडरचा गट, त्याची स्वतःची डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज, एचएमएस वॉकर.

क्रेचमरची रीत सगळ्यांपेक्षा वेगळी होती. बाकीचे बाहेरून तीन-चार टॉर्पेडोंचा पंखा सोडायचे, लागला तर लागला. हा रात्री, पाण्यावरूनच, सरळ कॉन्व्हॉयच्या ओळींच्या मधे घुसायचा आणि जवळून एकेक टॉर्पेडो मारायचा. "एक टॉर्पेडो, एक जहाज" हा त्याचा हिशोब. वेडेपणा वाटतो ना? पण विचार करा, ब्रिटिशांकडे पाणबुडी शोधायचं यंत्र होतं ॲस्डिक, पाण्यात आवाज सोडायचा आणि आदळून परत येतो का ते ऐकायचं. ते पाण्याखालच्या बोटीसाठी. वर तरंगणाऱ्या बोटीपुढे ते जवळपास आंधळं. आणि रात्रीच्या लाटांत कॉनिंग टॉवर, तो डेकवरचा बुरूज, म्हणजे काळ्या कांबळ्यावरचा काळा डाग. त्यात ब्रिटिशांच्या पहाऱ्याच्या छोट्या बोटी, कॉर्वेट, १६ नॉटच्या, ही सतराच्या वर, म्हणजे दिसली तरी पळून जाणार.

१६ मार्चच्या रात्री तो असाच आत शिरला. पाच जहाजं बुडवली, सहावं जखमी केलं. तेलाचे टँकर पेटले की आजूबाजूचा समुद्र दिवसासारखा दिसतो, तरी कोणाच्या हाती लागला नाही. टॉर्पेडो संपले. मध्यरात्र उलटली होती, काम झालं होतं, बोट घरच्या वाटेला लागली, तीही पाण्यावरून.

तिकडे शेप्के नावाचा दुसरा नावाजलेला कप्तान यू-१०० घेऊन डेप्थ चार्जचा, म्हणजे पाण्यात खोल जाऊन फुटणाऱ्या बॉम्बचा, मार खाऊन वर आला होता. एचएमएस व्हॅनॉकवर नवंनवं रडार बसवलेलं, अगदी बाळबोध, पण त्याने अंधारात ती बोट पकडली आणि व्हॅनॉकने सरळ धडक दिली. रडारवर सापडून बुडालेली ही पहिली यू-बोट मानतात. शेप्के गेला, सहा जण वाचले. व्हॅनॉक थांबून त्यांना पाण्यातून उचलत होती आणि वॉकर तिच्याभोवती पहाऱ्याला फिरत होती.

आणि नेमकी तिथेच यू-९९ आली. क्रेचमर खाली होता. ब्रिजवरच्या ऑफिसरला अचानक अगदी जवळ डिस्ट्रॉयर दिसली, त्याला वाटलं आपण दिसलो, त्याने डुबकीचा हुकूम दिला. आता कप्तानाचा कायमचा नियम होता की रात्री असं काही दिसलं तर वरच राहायचं, तोंड फिरवायचं आणि पळायचं. खरं तर तिला कोणी पाहिलंच नव्हतं. पण बोट पाण्याखाली गेली आणि आंधळ्या ॲस्डिकला एकदम डोळे फुटले. वॉकरचा ऑपरेटर म्हणाला कॉन्टॅक्ट आहे, मॅकिन्टायरला आधी पटेना, आत्ताच एक बुडाली, लगेच दुसरी इथे कुठून येणार. तरी डेप्थ चार्ज टाकले. बोट दोनशे मीटरच्याही खाली घसरत गेली, शेवटी क्रेचमरने उरलेली सगळी हवा टाक्यांत सोडली आणि ती वर आली, पुन्हा खाली जाण्याच्या लायकीची राहिली नव्हती. त्याने दिवा मारून वॉकरला कळवलं की आम्ही बुडतोय, माझी माणसं वाचवा. चाळीस जणांना उचललं, तिघे गेले, त्यातला एक म्हणजे बोटीचा इंजिनिअर, जो बोट शत्रूच्या हाती लागू नये म्हणून पाणी भरायला परत आत उतरला होता.

वॉकरवर आधीच जे.बी. व्हाइट या जहाजाचे लोक होते, जे क्रेचमरनेच काही तासांपूर्वी बुडवलेलं. परतीच्या वाटेवर त्या जहाजाचा कप्तान आणि क्रेचमर एकाच टेबलावर ब्रिज हा पत्त्यांचा डाव खेळले. कसे खेळले असतील, कोण जाणे.

तर्री_पोहे

च्यायला, रात्रीचा दीड वाजला वाचता वाचता. एकच प्रश्न राहिला, पन्नास माणसं, दोन महिने, संडास किती? पोरीने नाही विचारला तर मी विचारतो 😅

डिझेल_काका

विनोद नाही, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. दोन होते. पण गस्त सुरू होताना त्यातल्या एकात बटाटे, डबे, हॅम असं कोंबलेलं असायचं, म्हणजे निम्मा प्रवास सगळ्यांना एकच. आणि बोट खोल गेली की बाहेरच्या पाण्याचा दाब इतका की तो वापरताच येत नाही, उलटं आत येईल. मग बादली.

युद्धाच्या शेवटी खोलीवर चालणारा संडास काढला, भरपूर व्हॉल्व्ह असलेला, एक आधी उघडायचा, दुसरा नंतर. एप्रिल १९४५ मध्ये यू-१२०६ ही बोट स्कॉटलंडजवळ असताना त्याचे व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने उघडले गेले आणि समुद्र आत आला. खाली बॅटरी. खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडात गेलं की क्लोरीन वायू होतो, श्वास घेता येत नाही. वर यावं लागलं, वर विमान, बोट सोडावी लागली. चार जण गेले. इंजिनरूममध्ये आम्ही नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचो, कुठलाही व्हॉल्व्ह हात लावायच्या आधी विचार, ते उगीच नाही.

रत्नांग्रीकर_नागपुरात

सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण एक गोष्ट खटकली ती बोलून टाकतो. आपण मघापासून सगळे बोटीच्या आतूनच बघतोय. कप्तान किती हुशार, डाव किती भारी. त्या बुडालेल्या जहाजांवर कोण होतं?

माझी नोकरी इथे, पण गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. आमच्याकडे निम्मी घरं बोटीवरची. सारंग, टंडेल, सुकाणी, खलाशी हे आमच्याकडे हुद्दे नाहीत, घरांची ओळख आहे. त्या वेळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर साधारण चारातला एक माणूस हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातला, होता, डेकवर कोकणातले, भट्टीपाशी कोळसा ओढायला पंजाबचे न् सिल्हेटचे, जेवणाखाण्याला गोवेकर. टॉर्पेडो बहुतेक वेळा लागतो तो जहाजाच्या मधल्या भागाला, इंजिनरूमच्या आसपास. खाली कोळसा ओढणाऱ्याला वर यायला वेळ कुठे मिळणार? आणि पगार गोऱ्या खलाशाच्या पावपट. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्याझाल्या या लोकांनी ब्रिटनच्या बंदरांत संप केले, तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार थोडा वाढला.

सप्टेंबर १९४० मध्ये सिटी ऑफ बनारस नावाचं जहाज यू-४८ ने बुडवलं. त्यात ब्रिटनहून कॅनडाला सुरक्षित ठेवायला नेलेली ९० मुलं होती, ७७ गेली, हे सगळे सांगतात. त्याच जहाजावरचे शंभराच्या वर हिंदी खलाशी गेले हे किती जण सांगतात? एक लाइफबोट आठ दिवस भरकटत होती, ४६ माणसं, त्यातले निम्म्याहून जास्त आपले.

माझ्या आजोबांचा थोरला भाऊ १९४२ मध्ये असाच गेला. पत्र यायचं थांबलं, मग कंपनीचा कागद आला. ग्लासगोहून आणलेला जाडजूड लोकरीचा स्वेटर मागे राहिला. कोकणात त्याचा काय उपयोग, पण आजी दर पावसाळ्यानंतर तो उन्हात टाकायची आणि परत पेटीत ठेवायची. मी लहानपणी विचारलं होतं हा कोणाचा, तर म्हणाली आगबोटीवरच्या भाऊजींचा, ते आले की लागेल.

बर्डीवरची_जुनी_पुस्तकं

दादा, मान्य. चूक माझी, गोष्ट सांगायच्या नादात ते राहिलं. अशा हिंदी खलाशांची नावं नोंदवलेली यादी आहे, चितगावला आणि मुंबईत, सहा हजारांच्या वर नावं आहेत. आणि हुशारीचं म्हणाल तर तीही फार दिवस पुरली नाही, साधारण चाळीस हजार लोक यू-बोटींवर गेले त्यातले तीस हजारांच्या आसपास परत आले नाहीत.

आर्या_फासे_आणि_सोंगट्या

मी बोर्डगेमवाली, त्यामुळे मला इथे बोलायलाच पाहिजे 🙂 क्रेचमरची ती आत घुसायची पद्धत ब्रिटिशांना फार उशिरा कळली, आणि कळली ती खेळ खेळून! लिव्हरपूलमध्ये डर्बी हाउस नावाच्या इमारतीत जानेवारी १९४२ मध्ये एक छोटं युनिट सुरू केलं, गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा कॅप्टन, ज्याला टीबी झाल्यामुळे नौदलातून घरी बसवलं होतं, आणि त्याच्या हाताखाली बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली, नौदलाच्या महिला दलातल्या, विशीच्या आसपासच्या. फरशीवर खडूने रेघोट्या मारायच्या, लाकडी जहाजं सरकवायची, आणि खेळणारे ऑफिसर कापडाच्या पडद्यामागे बसायचे, छोट्या भोकातून फक्त तेवढंच दिसायचं जेवढं खऱ्या समुद्रात त्यांना दिसलं असतं. पाणबुडीची बाजू मुली खेळायच्या.

रॉबर्ट्सला कोडं पडलं होतं की कॉन्व्हॉयच्या आतल्या ओळीतलं जहाज बुडतं कसं, टॉर्पेडो एवढ्या लांबून येणार नाही. फरशीवर मांडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की बोट मागच्या बाजूने, पाण्यावरून, आत शिरते, जिथे पहारेकरी बघतच नाहीत, आणि काम झालं की डुबकी मारून कॉन्व्हॉयला स्वतःच्या डोक्यावरून जाऊ देते. मग त्यावर उपाय काढला, सगळ्या एस्कॉर्टनी, म्हणजे पहाऱ्याच्या जहाजांनी, एकदम वळून मागचा भाग पिंजून काढायचा. त्या चालीचं नाव ठेवलं रास्पबेरी, इंग्रजीत तोंडाने प्रूऽऽ आवाज काढून वेडावण्याला रास्पबेरी म्हणतात, तर हिटलरला केलेलं ते प्रूऽऽ. नाव ठेवणारी जीन लेडलॉ, त्यातलीच एक मुलगी. युद्ध संपेपर्यंत जवळपास पाच हजार ऑफिसर त्या फरशीवर शिकून गेले.

बाबा, तुमच्या मुलीला सांगा, फरशी आणि खडू घरी असेलच. तुम्ही पडद्यामागे बसा.

वाडी_नाका

कोणी नेताजींचं काऊन नाही काढलं? ते पण अशाच यू-बोटीतून गेले होते ना जर्मनीहून? तीच का ही टाइप सेव्हन?

बर्डीवरची_जुनी_पुस्तकं

नाही, ती यू-१८०, टाइप नाईन, जास्त लांब पल्ल्याची मोठी बोट. ९ फेब्रुवारी १९४३ ला कील बंदरातून निघाली, नेताजी आणि सोबत त्यांचे सहकारी आबिद हसन. अटलांटिक उतरून आफ्रिकेला वळसा, वाटेत एप्रिलमध्ये तिने एक ब्रिटिश टँकर बुडवला तेव्हा हे दोघे आतच होते. एप्रिलअखेर मादागास्करच्या बाजूला जपानी आय-२९ भेटली, समुद्र खवळलेला, रबरी तराफ्यावरून दोघे इकडून तिकडे गेले, आणि मे महिन्यात सुमात्राजवळ सबांगला उतरले. काकांनी सांगितलेले ते तीन डबे, तो डिझेलचा वास, त्यात दोन-अडीच महिने, आणि म्हणे कामकाज चालूच होतं, मजकूर सांगणं, लिहून घेणं.

डिझेल_काका

आणि तारीख बघा, नेताजी उतरले तोच मे १९४३. त्याच महिन्यात सगळीकडे मिळून ४१ यू-बोटी बुडाल्या आणि २४ मेला डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. दोन महिन्यांपूर्वी मार्चमध्ये हेच लोक जिंकत होते.

झालं काय, तर वर राहायची सोयच गेली. दहा सेंटिमीटर लहरीचं रडार विमानात बसवलं, ते रात्री, ढगात, लाटांतसुद्धा कॉनिंग टॉवर पकडायचं, आणि जर्मनांच्या बोटीवरच्या यंत्राला त्या लहरी ऐकूच येत नव्हत्या. पूर्वी अटलांटिकच्या मध्यात असा पट्टा होता जिथे किनाऱ्यावरून विमान पोचत नव्हतं, तिथे लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं आली, कॉन्व्हॉयसोबत छोटी विमानवाहू जहाजं आली. विमानाने बोट बुडवलीच पाहिजे असंही नाही, नुसती खाली दाबली तरी पुरे. खाली गेली की चार नॉट, काफिला निघून गेला, बॅटरी उतरत चालली, वर यायचं तर वर विमान घिरट्या घालतंय. इन्व्हर्टर चालू, लाइट येत नाही, आणि दार बाहेरून कोणीतरी लावलेलं.

मग १९४४ मध्ये श्नॉर्केल बसवले, खाली राहून डिझेलला हवा घ्यायची नळी, आणि शेवटी खरोखर पाण्याखाली १७ नॉट पळणारी टाइप ट्वेंटीवन बनवली. ती मात्र समुद्रात उतरेस्तोवर युद्ध संपलं. पोरीला दाखवा तिचा फोटो, डेकवर तोफ नाही, फळ्या नाहीत, सगळी गुळगुळीत.

खामल्याचा_बाबा

मंडळी किती धन्यवाद देऊ कळत नाही. काल रात्री लाइट गेली तेव्हा पोरगी म्हणे बाबा आपण आता पाण्याखाली, पंखा एकवर ठेव, चार नॉट.

अपडेट असा की बोट जोडून झाली. मी पाण्याखालची दाखवणार होतो, निळ्या पारदर्शक रेझिनमध्ये बुडवून, तिने साफ नकार दिला, म्हणे ही वरच असते. म्हणून पाण्यावरची केली, पांढरा फेस कापसाचा, ब्रिजवर चार माणसं चार दिशांना तोंड करून. चौथ्याचा हात तुटला, पण तो दुर्बीणवाला नाही म्हणून चालून जाते. रत्नागिरीकर दादांचं वाचून तिने बाजूला एक मालवाहू जहाज पण करायचं ठरवलं आहे, पुठ्ठ्याचं, त्यावर नाव काय लिहायचं ते तुम्ही सांगा असं विचारून राहिली.

आणि कॉनिंग टॉवरवर यू-९९ ची सोनेरी घोड्याची नाल काढली. बर्डीवाले भाऊ, बरोबर ना?

बर्डीवरची_जुनी_पुस्तकं

नाल बरोबर, पण दोन बारीक गोष्टी, रागावू नका. यू-९९ ही सेव्हन-बी होती, तुमचं किट सेव्हन-सी. आणि नालेची उघडी बाजू खाली पाहिजे, फोटोत तुम्ही वर केली आहे. गंमत म्हणजे वॉकरच्या बोधचिन्हातही नाल होती, ती उघडी बाजू वर असलेली. म्हणजे तुमच्या पोरीने यू-९९ वर वॉकरची नाल लावली.

रत्नांग्रीकर_नागपुरात

जहाजाचं नाव तिच्या मनाने ठेवू दे. फक्त डेकवर एक माणूस स्वेटर घातलेला दाखवा, लाल होता.

खामल्याचा_बाबा

लाल रंग संपला आहे, उद्या संध्याकाळी ऊन उतरलं की बर्डीवर जाऊन आणतो. नाल कशी काढायची कोणाला माहीत आहे का, ॲक्रिलिकने रंगवली, दोन हात झाले वाळून.

तर्री_पोहे

इअरबडला थोडं सॅनिटायझर लावून हळू घासा भाऊ, खालचा राखाडी पण निघेल थोडा, तो परत मारा. पोरगी झोपल्यावर करा.